एकोणपन्नास

सतरा किलोचा डबा. नेरूळच्या परुळकरांकडून
अर्ध्या किमतीत, रिक्षात मांडीवर घेऊन आणला.
पुढे एक निळा दिवा, मागे आठ सॉकेट.
आत काय आहे ते मला ठाऊक आहे,
छत्तीस वर्षं कळव्याला लोड डिस्पॅचमध्ये काढली,
वीज मला कुणी शिकवू नये.
इंदूने एकदाच वाकून पाहिलं.
"मिक्सरपेक्षा महाग," म्हणाली,
"आणि वाटत काहीच नाही."

खरं आहे. वाटत नाही, गाळतो फक्त.
ऐरोलीत सहाव्या मजल्यावर पोचेपर्यंत
विजेला काय काय चिकटलेलं असतं.
लिफ्टचा हिसका, सकाळी सहाचा पाण्याचा पंप,
बेंद्रे वहिनींचं इंडक्शन, खालच्या पोरांचे चार्जर,
जिन्यातला स्वस्त एलईडी, रात्रभर दात कुरकुरणारा.
स्पीकरला कान लावला की गाण्याआधीच
अख्खी सोसायटी कुजबुजताना ऐकू यायची.

अर्थिंग तपासलं. अँप्लिफायर, डेक,
एकेक करून डब्यात टोचले.
काही न लावता आवाज चढवत नेला.
काही नाही.
शेवटपर्यंत चढवला.
काही नाही.

मग केणीची कॅसेट काढली.
नौपाड्यातल्या शाळेचा हॉल, शहाऐंशीचा फेब्रुवारी.
दत्ताराम केणी, दिवसा जकात नाक्यावर कारकून,
रात्री यमन. पांढरी एक.
तानपुरा सुरू झाला, आणि त्याच्याखाली
घुम्म.

पुन्हा अर्थिंग. पुन्हा वायरी.
कॅसेट थांबवली की शांत. लावली की घुम्म.
तासाभराने माझी ट्यूब पेटली,
हे माझ्या घरातलं नव्हेच.
हॉलच्या वायरिंगमधून माइकमध्ये शिरलेली
शहाऐंशी सालची वीज आहे ही,
टेपला चिकटून राहिलेली.
आजची गाळता येते.

नातवाच्या फोनवर मोजलं. अठ्ठ्याण्णव.
म्हणजे निम्मे, एकोणपन्नास.
पन्नासला हा घुमारा पंचमाच्या जरा वर टोचतो.
एकोणपन्नासला पांढरी एकचा मंद्र पंचम,
केसाचाही फरक नाही.
हार्मोनियम जुनी, डेकचा बेल्ट सैल,
पुरावा म्हणून हे टिकणार नाही, कळतं मला.
पण त्या संध्याकाळी मी कुठे होतो तेही कळतं.

दुसऱ्या पाळीला. केणीने पहिल्या रांगेत
माझी खुर्ची धरून ठेवली होती,
मी रजा मागितलीच नव्हती.
साडेसातला काटा घसरायला लागला,
एकोणपन्नास पॉइंट चार, दोन, शून्य.
लोड सोडा, म्हणून वरून आदेश.
यादी माझ्या हातात.
वर नौपाडा, त्याखाली भिवंडीचा एक फीडर.
फोनवर मी खालचं नाव वाचलं.

एवढंच. एक ओळ.
किती माग मध्येच थांबले,
कुणाच्या हातात काय अर्धं राहिलं,
मी विचारलं नाही. लॉगबुकात वेळ टाकली,
सही केली, डबा उघडून पोळी खाल्ली.
केणी पुढे कितीतरी वर्षं सांगत फिरला,
आपल्या बैठकीत लाइट म्हणून कधी गेली नाही, देवीची कृपा.
मी समोर बसून चहा ओतायचो, बशीत.

इंदू दारात आली. "एवढं ओझं वाहून आणलंत,
तरी घूं घूं आहेच की."
"आहे," म्हटलं. "असू दे."
तिने पंखा लावला आणि पदराने घाम पुसत बसली.

केणी षड्जावर थांबतो, श्वास घेतो,
मागे कुणाची तरी खुर्ची सरकते.
मग एकेक पायरी मोजत खाली उतरतो,
नी, ध, पुन्हा ध,
आणि पंचमावर पाय ठेवतो तर तिथे
आधीच कुणी बसलेलं,
हातात यादी घेऊन.